शपथरावांच्या खांद्यावरचा हात

कोर्टाच्या त्या दुमजली इमारतीत त्यांना सगळे शपथराव म्हणत. पगारपत्रकावर दुसरं काहीतरी नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली असती तर ते स्वतः तरी वळून पाहतील की नाही, शंकाच होती. साक्षीदार पिंजऱ्यात चढला की त्याला शपथ द्यायची, हे त्यांचं काम. तशी कारकुनाला कामं ढीगभर असतात. तारखा लावा, कागद शिवा, वकिलांची आर्जवं एका कानानं ऐका. पण शपथरावांचा जीव अडकला होता तो त्या एका वाक्यात. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की खरे सांगेन, खोटे सांगणार नाही.'

बाकीचे कारकून हे वाक्य असं उरकत, की बसमध्ये तिकीट फाडणाऱ्यालाही लाज वाटावी. शपथराव मात्र आधी उठून उभे राहत. सदऱ्याचं वरचं बटण लावत. मग साक्षीदाराकडे तोंड करून म्हणत, "माझ्याकडे बघा, आणि माझ्या मागून म्हणा." तो आवाज असा काही लागायचा, की मागच्या बाकावर पेंगणारा पक्षकारसुद्धा सावरून बसे. एकदा एक कापडदुकानदार घाईघाईनं म्हणाला, "हो हो, घेतली, घेतली शपथ."

"घेतली नाही. अजून घ्यायची आहे," शपथराव म्हणाले. "आपण दोघं मिळून घेऊ. माझ्याकडे बघा."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि गुपचूप वाट पाहिली. अशा वेळी कोर्ट त्यांचं असे.

हे सगळं काही पहिल्या दिवसापासून जमलेलं नव्हतं. मिसरूड नुकतंच फुटलेलं असताना ते नकलाखात्यात चिकटले. तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला करायच्या. मग त्यांना तळघरातल्या दप्तरखान्यात टाकलं. तिथल्या धुळीनं त्यांना जन्माची शिंक दिली. आणि एक दिवस अचानक हुकूम आला, की उद्यापासून साहेबांसमोर बसा. त्या पहिल्या दिवशी पहिला साक्षीदार चढला, शपथराव उभे राहिले, आणि पाठ केलेलं वाक्य डोक्यातून साफ पुसलं गेलं. तोंड उघडं, आवाज नाही. साक्षीदार होता एक मुरलेला जमीनमोजणीवाला, निम्मं आयुष्य साक्षी देण्यात गेलेलं. त्यानं पिंजऱ्यातूनच पुढे वाकून हळूच सांगितलं, "ईश्वरसाक्ष..." आणि विंगेतून शब्द मिळालेल्या नटासारखे शपथराव सुटले ते पार शेवटच्या शब्दापर्यंत. साहेबांनी हसू दाबायला रुमाल काढला.

त्या संध्याकाळी घरी तालीम सुरू झाली. बायको भाजी चिरतेय आणि हे समोर उभे राहून हात पुढे करून म्हणताहेत.

"अहो, शपथ मला देताय की भाजीला?" बायकोनं विचारलं.

"तू साक्षीदार आहेस असं समज."

"मग शपथेवर सांगते, तुम्ही हात फार हलवता."

तेव्हापासून त्यांनी हात खिशात घालायला सुरुवात केली. संसारभर ही चेष्टा पुरली. मीठ कमी पडलंय का असं तिनं विचारलं, की हे म्हणत, "साक्षीदार उत्तर देऊ इच्छित नाही." मुलगी लग्न होऊन दूर गेली, घर दोघांचं झालं, तरी ते तसंच चालू होतं.

आवाजाची देणगी देताना देवानं चेहऱ्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला होता. चेहरा वाईट नव्हता, वाईट असता तर निदान लक्षात तरी राहिला असता. मध्यम उंची, मध्यम रंग, मध्यम मिशी. एकदा ओळखपत्रावर छायाचित्रवाल्याच्या चुकीनं दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो चिकटला. ते ओळखपत्र गळ्यात घालून शपथराव कितीतरी महिने हिंडले. कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्याही नाही. कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तेही हसले, पण जरा उशिरा.

या चेहऱ्याचा कोर्टाला एक उपयोग होता. संशयित पकडला की ओळखपरेड होते. खोलीत एका रांगेत काही माणसं उभी करतात, त्यात एक संशयित, बाकीचे त्याच्याच अंगलटीचे, वयाचे, उगाच भरतीला. साक्षीदारानं यायचं, रांग पाहायची आणि ज्याला ओळखलं त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. भरतीची माणसं रस्त्यावरून गोळा करावी लागत. कुणी यायला राजी नसे. चहाच्या टपरीवरचा म्हणे, "मला दुकान आहे." न्हावी म्हणे, "आणि चुकून मलाच धरलं तर?" मग एखादा माणूस कमी पडला की शिपाई शपथरावांकडे बघे. शपथराव चष्मा काढून खिशात ठेवत आणि रांगेत जाऊन उभे राहत. आजवर कुणाचा हात त्यांच्यापाशी थबकलाही नव्हता. नजरा त्यांच्यावरून अशा सरकत, जशा भिंतीवरून सरकतात. "शपथराव रांगेत म्हणजे रांग स्वच्छ," असं शिपाई म्हणे.

परेडीचा एक नियम होता. भरतीच्या माणसाला साक्षीदारानं पूर्वी कधी पाहिलेलं नसावं. तो प्रश्न विचारायचं कामही शपथरावांचंच. प्रत्येकासमोर उभं राहून ते त्याच आवाजात विचारत, "साक्षीदाराशी पूर्वी कधी गाठ पडली आहे का?" माणूस मान हलवे. मग पुढचा.

ज्या घटनेनं त्यांचं आयुष्य उलटंपालटं झालं, तिची सुरुवात अगदी साध्या भांडणानं झाली. बाजाराच्या कडेला एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन दगडी पायऱ्या आणि वर एक टेबल. मागच्या खोलीत नवरा-बायको राहत. एका रविवारी दुपारी एक गिऱ्हाईक आलं आणि तावातावानं म्हणू लागलं, की हे माझं घड्याळ नव्हे, तबकडी बदललीस. घड्याळवाला म्हणाला, माझ्या हातून असं होणार नाही. शब्दाला शब्द लागला. बायको आतून बाहेर आली तोवर त्या माणसानं तिच्या नवऱ्याला ढकललं होतं. तो मागच्या मागे पायरीच्या कडेवर आपटला. माणूस पळाला. रस्त्यावर दुपारचं कुणी नव्हतं. पाहिलं ते फक्त तिनं.

सोमवारी सकाळी पोलिसांनी तिला थेट दवाखान्यातून खालच्या कोर्टात आणलं. तिचा जबाब शपथेवर नोंदवायचा होता. नवरा तिकडे बेशुद्ध. तिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्यात नवऱ्याची. पिंजऱ्यात चढवली तर ती आजूबाजूला असं पाहत होती, जणू भिंती कुठे आहेत तेच तिला दिसत नाही. शपथरावांनी वाक्य सांगितलं. ती 'खरे' या शब्दापाशी अडली. परत सांगितलं, परत अडली. तेव्हा शपथराव आपली जागा सोडून खाली उतरले, पिंजऱ्याला अगदी खेटून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, दुसरीकडे कुठे बघू नका. माझ्याकडे बघा. एकेक शब्द म्हणू." आणि तिनं पाहिलं. वाक्य संपेपर्यंत तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून ढळली नाही.

टायपिस्ट बाईंनी जबाब टंकून घेतला. माणूस मध्यम उंचीचा, सावळा नाही आणि गोराही नाही, मिशी होती. तो आठवडा उलटायच्या आत घड्याळवाला गेला.

शपथराव तिला विसरले. यात त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. पिंजऱ्यात रोज माणसं चढत आणि उतरत, आणि त्यांना चेहरे मुळी लक्षातच राहत नसत. लक्षात राहत ते आवाज.

पुढे काही आठवड्यांनी एका ट्रकचालकाला पकडलं. त्याचा ट्रक त्या दुपारी बाजाराच्या तोंडाशी उभा असलेला कुणीतरी पाहिला होता. ओळखपरेड ठरली. दरम्यान खालच्या कोर्टाचे साहेब बदलले होते, नव्यांना जुन्या जबाबाची काही कल्पना नव्हती. रांगेत एक माणूस कमी पडला. शिपायानं शपथरावांकडे पाहिलं. शपथरावांनी रांगेतल्या प्रत्येकाला नेहमीच्या आवाजात नेहमीचा प्रश्न विचारला, सगळ्यांच्या माना हलल्या, आणि मग चष्मा खिशात ठेवून ते टोकाला जाऊन उभे राहिले. त्यांना तो प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

ती आत आली. अंगानं निम्मी झालेली, पांढऱ्या पडलेल्या तोंडाची. चष्म्याशिवाय शपथरावांना ती धुक्यातून यावी तशी दिसली. ती रांगेपुढून चालू लागली. ट्रकचालकापुढून गेली, थांबली नाही. आणखी दोघांपुढून गेली. मग टोकाशी आली आणि जागीच गोठली. तिच्या घशातून एक आवाज निघाला, भांडं घासताना निघतो तसा. आणि तिनं शपथरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

ठेवला म्हणजे रुतवला. बोटं सदऱ्यातून आत गेली.

"बाई," साहेब म्हणाले, "नीट बघा. पुन्हा एकदा सगळ्यांकडे बघा."

तिनं बघितलं नाही. हातही काढला नाही. शेवटी महिला शिपायानं एकेक बोट सोडवलं.

आपण काही म्हणायला हवं हे शपथरावांना कळत होतं, पण रांगेत उभ्या असलेल्यानं बोलायचं नसतं, हा नियम त्यांनीच वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलेला. साहेबांनी सांगितलं, 'साक्षीदार आरोपीला ओळखू शकली नाही' असं लिहा. शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "शपथराव, आता पळून जाऊ नका म्हणजे झालं." सगळे हसले. शपथरावांनीही तोंड हसरं केलं. ते तसंच राहिलं, दुपारच्या चहापर्यंत.

घरी त्यांनी हसत हसतच सांगितलं. बायकोही हसली. मग ताट वाढताना म्हणाली, "कुठला दिवस हो तो?"

त्यांनी घटनेची तारीख सांगितली. "रविवार. दुपारी."

"त्या रविवारी तुम्ही बाहेर गेला होतात."

"कुठे?"

"मला काय माहीत? मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. शेजारणीच्या नातवाला बरं नव्हतं, मी तिच्याकडे होते, म्हणून लक्षात आहे. परत आले तर दाराला कुलूप."

शपथराव आठवू लागले. कोर्टातली कुठली तारीख कुणाची होती हे ते झोपेतही सांगतील, पण आपला एक रविवार त्यांना सापडेना. फिरायला गेले असतील. वाचनालयात गेले असतील. नुसतेच कुठेतरी बसले असतील. पिंजऱ्यात उभं राहून 'आठवत नाही' म्हणणारी किती तोंडं त्यांनी पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, बरं आठवत नाही याला. आता तेच तोंड त्यांचं होतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. बघता बघता तिनं नजर ताटाकडे वळवली, आणि ते वळवणं त्यांना खांद्यावरच्या बोटांपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर वर्षभर काही झालं नाही. नोकरीच्या अखेरीला त्यांना बढती मिळाली आणि ते वरच्या मजल्यावरच्या मोठ्या कोर्टात बसू लागले. आणि एका सकाळी त्याच कोर्टात ट्रकचालकाचा खटला उभा राहिला. शपथराव कार्यालयप्रमुखांकडे गेले. म्हणाले, "या खटल्यात मी बसणं बरं दिसत नाही. ती बाई मला..."

"तुम्ही आरोपी आहात का?"

"नाही."

"साक्षीदार?"

"नाही."

"मग कोण आहात? कारकून. जाऊन बसा. निवृत्तीला आलात आणि आता हे नवे नखरे."

ते जाऊन बसले. पुकारा झाला. घड्याळवाल्याची बायको पिंजऱ्यात चढली. शपथराव उभे राहिले, वरचं बटण लावलं, हात खिशात घातले. दुसरं काय करणार होते? "माझ्याकडे बघा, आणि माझ्या मागून म्हणा."

तिनं बघितलं आणि ती किंचाळली नाही, रडली नाही. पिंजऱ्याच्या मागच्या कठड्याला पाठ लागेपर्यंत ती मागे मागे सरकली आणि अगदी शांत, स्वच्छ आवाजात म्हणाली, "हाच तो. यानंच ढकललं. इथे कसा बसलाय हा? तुम्ही याला इथे का बसवलंय?"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी नजर वर केली तसं ते हसूही मेलं. सरकारी वकिलांनी डोक्याला हात लावला. बचावाचे वकील मात्र उठून अतिशय सौम्यपणे म्हणाले, "या बाईंबद्दल मला सहानुभूती आहे. दुःखानं त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलेलं नाही. आता त्यांच्या कुठल्याच शब्दाला अर्थ उरलेला नाही, एवढंच माझं म्हणणं."

'कुठल्याच शब्दाला अर्थ नाही.' ती ऐकत होती. तिनं न्यायाधीशांकडे पाहिलं, मग वकिलांकडे, जणू कुणीतरी उठून हे खोडून काढील. कुणी उठलं नाही. पुढची तारीख पडली.

शपथराव खुर्चीत बसून राहिले होते. त्यांनी तिचा आवाज ऐकला होता. चेहऱ्यांचं त्यांना काही सांगता येत नसे, पण हा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला होता, एका शब्दापाशी अडखळताना.

संध्याकाळी ते घरी आले आणि बूट न काढता दारातच बसले. बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम ठेवलं. मग म्हणाली, "ती वेडी नाही हो. तिनं तुम्हाला पाहिलंय. कुठेतरी नक्की पाहिलंय."

"पाहिलंय. खालच्या कोर्टात. नवरा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला आली होती. मीच शपथ दिली असणार."

"आणि शपथ देताना तुम्ही काय म्हणता सगळ्यांना?"

"माझ्याकडे ब..."

वाक्य पुरं झालं नाही. ते उघड्या तोंडानं बायकोकडे बघत राहिले. त्या दिवशी त्या बाईला जगात दुसरं काही दिसत नव्हतं, आणि त्यांनी पिंजऱ्याला खेटून तिला सांगितलं होतं, दुसरीकडे कुठे बघू नका. त्यांच्या मेहेरबानीनंच त्यांचा चेहरा त्या दिवसावर जाऊन चिकटला होता. आणि नंतर ते स्वतःच्या पायांनी चालत जाऊन रांगेत उभे राहिले होते.

"म्हणजे खटला मीच बुडवला," ते म्हणाले.

"हे सांगायलाच हवं का?" बायकोनं विचारलं. "थोडे महिने राहिलेत तुमचे. चौकशी लावतील. परेडीत नियम मोडला म्हणतील."

"नाही सांगितलं तर ती वेडी ठरते."

बायको उठली, पाणी घेऊन आली, आणि भांडं हातात देताना अगदी हळू म्हणाली, "मग निदान तो रविवार तरी... मी सांगीन, तुम्ही घरी होतात. विचारलंच कुणी तर."

शपथरावांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. जन्मभर त्यांच्या शपथेची टर उडवणारी ही बाई, आणि ती आजवर शेजारणीपाशीही एक खोटा शब्द बोललेली नव्हती.

"तुला वाटतं का मी ढकललं असेल?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ते खाली टायपिस्ट बाईंकडे गेले. तो जबाब बाईंनीच टंकलेला होता, त्यांना आठवतंय का विचारावं म्हणून. बाईंनी यंत्रावरून हात उचलले नाहीत.

"मला परेडीच्या दिवसापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"आणि बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? तुमचं नाव गेलं असतं. इतकी वर्षं शेजारी बसलोय आपण, शपथराव. मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल आणि तुम्हीही गप्प असाल."

हा आणखी एक धक्का. माणसं आपल्याबद्दल काय काय समजून आपल्यावर माया करत असतात, हे शपथरावांना सेवेच्या शेवटी कळत होतं.

त्यांनी न्यायाधीशांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी हातातला कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "हे मला असं ऐकता येणार नाही. पिंजऱ्यात येऊन सांगा. दोन्ही वकील प्रश्न विचारतील. तयार आहात?"

"हो."

तारखेच्या दिवशी सगळी इमारत वर लोटली. खालचा शिपाई, नकलाखातं, चहावालासुद्धा. शपथराव पिंजऱ्यात चढले. जन्मभर त्या पिंजऱ्यासमोर उभं राहूनही तिथून कोर्ट कसं दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. फार मोठं दिसत होतं. आणि मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं, की शपथ द्यायला कुणी नाही. त्यांची खुर्ची रिकामी होती.

"तुमची तुम्हीच घ्या," न्यायाधीश म्हणाले.

शपथरावांनी वरचं बटण लावलं. बघायचं कुणाकडे हा प्रश्न पडला. समोरच्या बाकावर घड्याळवाल्याची बायको बसली होती, तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि वाक्य म्हटलं. आवाज लागला नाही. पहिल्या बाकापलीकडे तो ऐकू गेला नसेल.

मग त्यांनी सांगितलं. सोमवारची सकाळ, पिंजरा, 'माझ्याकडे बघा', परेड, आणि स्वतःला न विचारलेला तो प्रश्न. शिपाई भिंतीला टेकला होता, त्यानं तोंडावर हात ठेवला. बचावाचे वकील उठले.

"म्हणजे या बाईंनी गुन्हेगार म्हणून आपल्याला ओळखलं, ती चूक, असं आपण म्हणता."

"हो."

"त्या रविवारी दुपारी आपण कुठे होता?"

शपथरावांनी मागच्या बाकावरच्या बायकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती उभी राहिली असती.

"आठवत नाही."

कोर्टभर श्वास आत घेतल्याचा आवाज झाला. वकिलांनाही हे उत्तर अपेक्षित नसावं. "घरी होता?"

"नव्हतो. कुठे होतो ते आठवत नाही."

"बस्स," वकील म्हणाले आणि बसले. पण ते समाधानानं बसले असं वाटलं नाही.

न्यायाधीशांनी घड्याळवाल्याच्या बायकोला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. या वेळी शपथ न्यायाधीशांनी स्वतःच दिली. न्यायाधीश म्हणाले, "बाई, तुमचं चित्त ठिकाणावर आहे याची आता कोर्टाला खात्री आहे. या कारकुनांना बाजूला ठेवा. त्या माणसाकडे बघा. तो होता का?"

ती आरोपीकडे वळली. ट्रकचालक ताठ उभा होता, ओठ वाळलेले. तिनं त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग डोळे मिटले, जणू आत कुठेतरी शोधतेय. उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"मी डोळे मिटते तेव्हा यांचाच चेहरा येतो," तिनं शपथरावांकडे बोट केलं. "अजूनही. त्याच्या मागे दुसरा असेल तर तो मला दिसत नाही. मी खोटं कसं सांगू?"

निकाल लागला तेव्हा शपथरावांची निवृत्ती होऊन गेली होती. चौकशी झाली, एक ठपका पडला, निरोपाचा समारंभ टायपिस्ट बाईंच्या टेबलापाशी उरकला. तरी निकालाच्या दिवशी ते कोर्टात गेले. परेडीच्या दिवसापासून खांद्याला चिमटा बसल्यासारखं जे दुखायचं ते तेव्हाही दुखत होतं. पुराव्याअभावी ट्रकचालक सुटला. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं, की बाईंनी कोर्टाला शब्दशः खरं सांगितलं. तेवढं वाचून दाखवताना ते थांबले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

बाहेरच्या लांब ओसरीत बाकावर ती एकटीच बसली होती. शपथराव जवळ गेले, थोडं अंतर ठेवून उभे राहिले. तिनं पदर आवरून जागा केली. ते बसले. तिच्या अंगाला कापरं भरलं होतं. ते त्यांच्यामुळे होतं हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी ती उठली नाही.

"तुम्ही नव्हता," ती म्हणाली.

"नव्हतो."

"माझ्या मनाला पटतं. डोळ्यांना पटत नाही."

तेवढ्यात ट्रकचालक बाहेर आला. त्याची बायको त्याचा हात धरून मोठ्यानं रडत होती. बाकापाशी येऊन तो थांबला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. घड्याळवाल्याच्या बायकोकडे बघून म्हणाला, "बाई, मी नव्हतो. शपथ घेऊन सांगतो, मी तुमच्या दुकानापाशी आलोच नव्हतो."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग शपथरावांकडे वळली आणि लहान मुलीनं मोठ्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, "हा खरं बोलतोय का हो? तुमचा जन्म गेला शपथा ऐकण्यात. तुम्हाला कळत असेल."

शपथरावांनी त्या माणसाकडे पाहिलं. मध्यम उंची, मिशी, वाळलेले ओठ. त्यांनी त्याचा आवाज मनात पुन्हा एकदा ऐकला, शब्द न् शब्द.

"नाही कळत," ते म्हणाले. "बाई, मला नाही कळत."

ती तिथेच बसून राहिली. आणि ट्रकचालक, ज्याला आता कुणीच अडवलेलं नव्हतं, तोही जाईना. बायको हात ओढत होती तरी तो तिथेच उभा राहिला, शपथरावांच्या तोंडाकडे बघत, ते आणखी काही म्हणतील म्हणून.